उतारवयात गाव बदलताना

पिंपरी-चिंचवडच्या ज्या भागात माझा दवाखाना आहे, तेथे पंचवीस वर्षांपूर्वी ज्वारीची शेते होती. आज तेथे बारा-बारा मजल्यांची गृहसंकुले उभी आहेत. लातूर, जळगाव, अकोला, सांगली अशा ठिकाणांहून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी त्यांत स्थिरावली आणि आता त्यांच्यामागून त्यांचे आईवडीलही येऊ लागले आहेत. माझ्याकडे येणाऱ्या नव्या रुग्णांत एक चेहरा मला चटकन ओळखू येतो. वय सत्तरीच्या पुढे, पत्ता सांगताना मुलाकडे वळणारी नजर, आणि मांडीवर गावाकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी फुगलेली कापडी पिशवी. तक्रार विचारली की उत्तर येते, "तसं काही नाही डॉक्टर, पण इथं आल्यापासून बरं वाटत नाही."

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांनी हे वाक्य उच्चारले असेल किंवा आपल्या घरात ऐकले असेल. ते कुरकुर म्हणून सोडून देऊ नये. उतारवयात राहते गाव सोडणे ही शरीराला आणि मनाला एकाच वेळी सोसावी लागणारी गोष्ट आहे. परिचर्याशास्त्राने १९९२ पासून स्थलांतराच्या ताणाला स्वतंत्र अवस्था म्हणून मान्यता दिली आहे. झोप उडणे, भूक मंदावणे, चिडचिड, गोंधळ, एकटेपणा ही तिची लक्षणे होत. लावणीनंतर भाताचे रोपही काही दिवस पिवळे पडते. येथे तर अनेक दशके एका जागी रुजलेला माणूस हलवायचा असतो. पुढे काय येणार आहे हे आधी ठाऊक असेल, तर निम्मी घबराट टळते. म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न जावे की न जावे हा नसून केव्हा जावे हा आहे. पुष्कळदा हा निर्णय दुःखाच्या भरात होतो. वडील जातात, दिवसकार्य आटोपते आणि चौदाव्या दिवशी आईला गाडीत बसवून शहरात आणले जाते. मुलांचा हेतू निर्मळ असतो, तिला एकटे कसे ठेवायचे? परंतु त्या माउलीवर एका पंधरवड्यात दोन आघात होतात. नवरा गेला, आणि ज्या घरात त्याच्या आठवणी होत्या ते घरही गेले. प्रकृती परवानगी देत असेल, तर अशा वेळी कोणी नातेवाइकाने काही आठवडे गावी येऊन राहावे आणि कायमचा निर्णय सावकाश घ्यावा. शहरात आणायचेच असेल, तर प्रथम दोन-तीन महिन्यांसाठी आणावे, परतीचा दिवस ठरवून आणावे. घर विकू नये, भाड्यानेही देऊ नये. किमान वर्षभर तरी ते तसेच राहू द्यावे. अर्थात, जेथे वारंवार पडणे, गॅस चालू राहणे, औषधे चुकणे अशा गोष्टी घडू लागल्या आहेत, तेथे थांबण्यात धोका आहे. तेथे त्वरा करावी, पण ज्येष्ठांना विश्वासात घेऊनच.

निघण्यापूर्वी एक काम मात्र अवश्य करावे. गावच्या डॉक्टरांकडे जाऊन एक पान लिहून घ्यावे. कोणते आजार, केव्हापासून. कोणत्या शस्त्रक्रिया, कोणत्या वर्षी. कोणत्या औषधाचे वावडे. आणि चालू औषधांची मूळ नावे, मात्रेसह. मूळ नावे म्हणण्याचे कारण असे की, एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि आपल्या गावात मिळणारे नाव येथील दुकानात असेलच असे नाही. या पानाबरोबर जुने ईसीजी, मूत्रपिंडाच्या आणि साखरेच्या तपासण्या, चष्म्याचा नंबर आणि महिनाभर पुरतील इतकी औषधे सोबत घ्यावीत. गावच्या डॉक्टरांचा फोन नंबरही त्याच पानावर असावा.

जुन्या कागदांची किंमत किती असते, याचा एक अनुभव सांगतो. जळगाव जिल्ह्यातून आलेले एक काका केवळ नोंद असावी म्हणून तपासणीला आले. छातीत दुखणे नाही, धाप नाही. ईसीजीत मात्र हृदयाच्या विद्युतवाहिनीच्या डाव्या शाखेत अडथळा दिसला. असा अडथळा नव्याने झाला असेल, तर तातडीने पुढील तपासण्या कराव्या लागतात. मुलाचा चेहरा उतरला. काका शांतपणे म्हणाले, "माझ्या ट्रंकेत असली पट्टी आहे, बघा." संध्याकाळी मुलाने ती आणून दाखवली. २०१४ सालच्या त्या पिवळ्या पडलेल्या कागदावर हुबेहूब तीच रेषा होती, आणि त्या वेळी झालेल्या हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवालही शेजारी टाचलेला होता. मी त्यांच्या गावच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पाच मिनिटांत काकांचा वीस वर्षांचा इतिहास तोंडपाठ सांगितला. रुग्णालयात धावाधाव झाली नाही, खर्च झाला नाही. हृदयरोगतज्ज्ञांकडे पुढच्या आठवड्यात निवांतपणे दाखवून झाले. शहरात आल्यावर आपण गमावतो ती ही गोष्ट: आपल्याला आजारापूर्वीपासून ओळखणारा डॉक्टर. तो एका दिवसात नव्याने मिळत नाही. म्हणून येथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात, काहीही दुखत नसताना, जवळच्या एका डॉक्टरांची ओळख करून घ्यावी.

आता पहिल्या पंधरवड्याविषयी. या काळात सर्वांत मोठा धोका असतो तो रात्री पडण्याचा. याचे कारण अगदी साधे आहे. जुन्या घरात आपण अंधारात, अर्धवट झोपेतही शौचालयापर्यंत जाऊ शकत होतो. पावलांना वाट पाठ होती. नव्या घरात पाय जुन्याच वाटेने निघतात आणि भिंतीला किंवा खुर्चीला थडकतात. तेव्हा पलंग शक्यतो अशा रीतीने मांडावा की, उठण्याची बाजू पूर्वीचीच राहील. शौचालयापर्यंत मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. गुळगुळीत फरशीवरचे सुटे पायपुसणे काढून टाकावे, न्हाणीघरात आणि शौचालयात धरायला दांडी बसवून घ्यावी. उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसावे, मग उभे राहावे. जुनी चादर, जुना तांब्या, आपले देव, भिंतीवरचे जुने घड्याळ यांना नव्या खोलीत आग्रहाने जागा द्यावी. सूनबाईंना ते घड्याळ शोभेचे वाटणार नाही कदाचित. पण पहाटे चार वाजता जाग आल्यावर आपण कोठे आहोत, हे तेच घड्याळ सांगते.

शहरातल्या सदनिकेचे काही धोके गावाकडच्या माणसाला ठाऊकच नसतात. आपोआप बंद होणारे दार हा त्यांपैकी एक. कचरा ठेवायला म्हणून बाहेर पाऊल टाकले की मागे लॅच लागते आणि आजी गाऊनवर, अनवाणी, फोनशिवाय बाहेर अडकतात. एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी. लिफ्टचा सराव दोन-चार दिवस कोणीतरी सोबत राहून करून द्यावा. भीती वाटते हे सांगायला ज्येष्ठांना संकोच वाटतो आणि मग ते खाली उतरणेच सोडून देतात. इमारतीचे नाव, घर क्रमांक आणि मुलाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा कमरेच्या पिशवीत कायम असावी.

आता जेवणाच्या वेळेचे पाहू. गावी रात्रीचे जेवण साडेसातला होत असे. येथे मुले कामावरून येईपर्यंत दहा वाजतात. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, तसेच इन्सुलिन हे जेवणाशी बांधलेले असते. गोळी सवयीने साडेसातला घेतली आणि जेवण दहाला झाले, तर मधल्या वेळेत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ ही तिची लक्षणे. अशा वेळी आधी साखर किंवा गूळ तोंडात घालावा, चौकशी नंतर. शुद्ध हरपली असेल, तर मात्र तोंडात काही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ज्येष्ठांनी पूर्वीच्याच वेळी जेवावे आणि मुलांनी त्यात आपला अपमान मानू नये. सर्वांसोबत बसायची हौस असेल, तर दहा वाजता एक वाटी ताक घेऊन बसावे.

या पार्श्वभूमीवर मला आठवतात त्या लातूरकडच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी. अकराव्या मजल्यावर राहायला येऊन त्यांना तीन आठवडे झाले होते. मुलगा त्यांना घेऊन आला तो अक्षरशः रडवेला होऊन. "डॉक्टर, आईचं डोकं चालेनासं झालंय. काल तिनं मला मामाच्या नावानं हाक मारली. रात्रभर गावाला जायचं म्हणून पिशवी भरते. हा विस्मृतीचा आजार आहे ना?" आजी समोर बसून पदराच्या काठाशी खेळत होत्या. जीभ कोरडी, पोट फुगलेले, उभे केल्यावर रक्तदाब बराच खाली गेलेला.

मी सुनेला घरातली सारी औषधे आणायला सांगितली. रक्तदाबाची गावाकडची गोळी चालूच होती आणि येथे एका तपासणीनंतर नवी गोळी सुरू झाली होती. नावे निराळी, पण दोन्हींत एक औषध समान. शिवाय नव्या गोळीत लघवीवाटे क्षार बाहेर टाकणारे औषधही होते. नंतर आजींच्या शेजारी बसून हळूहळू विचारले, तेव्हा उरलेली गोष्ट कळली. कमोडवर बसण्याची सवय नसल्याने त्यांना चार-चार दिवस शौचाला होत नव्हते. रात्री लघवीला उठले तर दिव्याचे बटण सापडत नाही आणि नातवाची झोप मोडते, म्हणून दुपारनंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले होते. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. मुलाच्या घरी पाहुण्यासारखे आल्यावर असल्या गोष्टी कशा बोलायच्या? तपासणीत रक्तातील सोडियम उतरलेले निघाले आणि लघवीत जंतुसंसर्ग. चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. पुढच्या पंधरवड्यात त्या स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आल्या, मला माझे गाव विचारले, माझ्या आत्याचे सासर विचारले, आणि पाच मिनिटांत आमचे लांबचे नाते काढून दाखवले. विस्मृतीचा मागमूसही नव्हता.

शुश्रूषा करणाऱ्यांनी यातून एक भेद ध्यानात ठेवावा. काही तासांत किंवा काही दिवसांत अचानक उद्भवलेला गोंधळ हा विस्मृतीचा आजार नसून शरीरातील बिघाडाची हाक असतो. संसर्ग, क्षारांची उलथापालथ, औषधांचा परिणाम, लघवी किंवा शौच तुंबणे ही त्याची नेहमीची कारणे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. विस्मृतीचा आजार मात्र महिने-वर्षांच्या गतीने येतो. येथे आणखी एक गोष्ट सांगावी लागेल, जी ऐकायला कठीण आहे. कधीकधी हा आजार आधीपासून असतो आणि जुने घर त्याला झाकून ठेवते. ओळखीचा रस्ता, ठरलेली फडताळे, रोजचा दूधवाला यांच्या आधाराने माणूस निभावून नेतो. घर बदलताच ते आधार निघून जातात आणि मुलांना वाटते, आम्ही आणले म्हणून आई अशी झाली. तसे नसते. आजार आणण्याने झालेला नसतो, दिसू लागलेला असतो. गोंधळाची इतर कारणे दूर करूनही तीन महिन्यांत सुधारणा नसेल, तर स्मृतीची रीतसर तपासणी करून घ्यावी.

दुसरा आणि तिसरा महिना हा मनाचा असतो. नवलाई सरलेली असते, पाहुणे येऊन गेलेले असतात, मुले आपापल्या कामाला लागलेली असतात. दुपार लांबते. याच काळात सांधेदुखी, पोटाच्या तक्रारी, "जीव लागत नाही" ही भाषा वाढते. उतारवयातील नैराश्य रडून प्रकटेलच असे नाही. ते पहाटे तीनला जाग येणे, ताटात अन्न राहणे, आंघोळीचा कंटाळा अशा रूपांनी येते. दोन आठवडे असे चालले, तर ते वयावर ढकलू नये. त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या क्रमांकावर. जिवावर बेतणाऱ्या प्रसंगी महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८. हे तीन आकडे फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

औषधापेक्षा अधिक गुण कशाने येतो, ते सांगतो. "आई, तुम्ही नुसत्या बसा, आराम करा," हे वाक्य प्रेमाचे असले तरी ते माणसाला निकामी ठरवते. ज्यांनी आयुष्यभर घर चालवले, त्यांना या घरातले एक काम पूर्णपणे सोपवावे. भाजी निवडून आणणे असो, संध्याकाळचा देवदिवा असो, नातवाला बसथांब्यावर सोडणे असो. मात्र दोन नातवंडांचा दिवसभराचा सांभाळ ही मदत नव्हे. ती नोकरी झाली आणि सत्तरीतल्या कमरेला ती झेपत नाही. ज्येष्ठांनी आपल्या बाजूनेही पाऊल उचलावे. पुण्या-मुंबईच्या बहुतेक वस्त्यांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांचा महासंघ फेस्कॉम या नावाने ओळखला जातो. तेथे पहिल्या दिवशी कोणी ओळखीचे नसते. तरी सलग चार वेळा जावे. कमी ऐकू येत असेल, तर आधी कानांची तपासणी करून घ्यावी. न ऐकू आल्यामुळे गप्प बसणारा माणूस तुसडा समजला जातो.

कागदपत्रांची आणि पैशांची व्यवस्था हासुद्धा प्रकृतीचाच भाग मानावा, कारण त्या चिंतेने झोप जाते. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला देण्यासाठी नोव्हेंबरात गावी धावण्याची गरज पुष्कळांना उरलेली नाही; जीवन प्रमाण ही डिजिटल सोय २०१४ पासून आहे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबाला वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले आहे. ते कार्ड देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. बँकेचे पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःजवळ असावे. गावचे घर मुलांच्या नावे करायचेच असेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ वकिलांकडून समजून घ्यावे. आपला सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेण्याचा मार्ग त्यात आहे. अट लिहिणे म्हणजे मुलांवर अविश्वास दाखवणे नव्हे.

सहा महिने ते वर्षभरात बहुतेक जण रुळतात. भाजीवाला नावाने ओळखू लागतो, बागेतला बाक ठरून जातो. परंतु सारेच रुळतात असे मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त शिक्षक दोन वर्षे येथे राहिले. प्रकृती चांगली, मुलगा-सून प्रेमळ, तरी वजन उतरत राहिले. साऱ्या तपासण्या निर्दोष. अखेर एके दिवशी ते म्हणाले, "डॉक्टर, मला इथं कुणी गुरुजी म्हणत नाही." मी मुलाला बोलावून घेतले आणि तिघांनी मिळून परतीचा आराखडा केला. जेवणाचा डबा शेजारच्या घरून, रात्री सोबतीला पुतण्या, दर महिन्याला गावच्या डॉक्टरांची तपासणी, रोज सकाळी आठला मुलाचा फोन. पुन्हा पडले किंवा आजारी झाले, तर पुण्यात यायचे, हेही त्याच वेळी ठरले. परत जाणे म्हणजे मुलाचा पराभव नाही आणि वडिलांचा हट्टही नाही. जेथे जाऊन राहणे शक्य नाही, तेथे येणेजाणे तरी चालू ठेवावे. राज्याच्या हद्दीत एसटीचा प्रवास ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या तिकिटात. जत्रेला, एखाद्या लग्नाला जाऊन यावे. औषधांची पिशवी मात्र विसरू नये.

माझी मुलगी हैदराबादला असते. "बाबा, दवाखाना बंद केल्यावर इकडेच या," असे ती अधूनमधून म्हणते. आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. मात्र आम्हा दोघांच्या आजारांचे आणि औषधांचे ते एक पान मी लिहून कपाटात ठेवले आहे, आणि पत्नीने दुसरे. त्या दुसऱ्या पानावर तिने लिहिले आहे, आपण कोठेही गेलो तरी आपल्याला काय लागेल: सकाळचा चहा स्वतः करता येईल असा ओटा, चालत जाता येईल असे ग्रंथालय, मराठी बोलणारी एक तरी शेजारीण. वाचकहो, हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी अशी दोन पाने आपणही लिहून काढावीत. आणि आपण मुलगा, सून, मुलगी किंवा जावई म्हणून हे वाचत असाल, तर दुसरे पान आईवडिलांना स्वतःच्या हाताने लिहू द्यावे, आणि गाडी ठरवण्याआधी ते वाचावे.